तिचं वय मी लिहिलं होतं

गेल्या महिन्यात पुन्हा एकाचा फोन आला. कुठल्याशा चॅनेलचा होता. म्हणाला, "सर, मॅडम लहानपणी हरणांच्या मागे धावायच्या ना, तो किस्सा सांगा." मी म्हटलं, ती हरणाच्या मागे कधी धावली नाही. हरणाच्या मागे कोणीच धावत नाही. दिसलं म्हणेपर्यंत ते गेलेलं असतं. तो म्हणाला, "मग वाघाचं काही?" मी फोन ठेवून दिला.

त्याच्या आधी एकाने छापलं होतं, की ती रोज बारा किलोमीटर जंगलातून धावत शाळेत यायची. आमची शाळा आश्रमशाळा. मुली तिथेच राहत, तिथेच जेवत. मुलींच्या खोलीपासून वर्गापर्यंत साठ पावलं, आणि तीही ती बहुतेक वेळा उशीर करून चालत यायची. दुसऱ्या एकाने तिच्या फुफ्फुसांचं श्रेय मोहफुलांना दिलं. हे सगळं वाचून माझं डोकं फिरतं, आणि मग आठवतं की यातल्या निम्म्या गोष्टी सत्काराच्या भाषणांतून मीच सोडल्या होत्या. माइक हातात आला की माणूस बेजबाबदार होतो.

मी त्या शाळेत पंचवीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडचा, धानाच्या पट्ट्यातला. नोकरीमुळे गडचिरोलीच्या जंगलात गेलो आणि तिथली गोंडी मोडकीतोडकी शिकलो. निवृत्तीनंतर ब्रह्मपुरीला राहतो. या वर्षी शाळेने स्मरणिका काढायचं ठरवलं. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला, की आपल्या राष्ट्रीय विजेत्या धावपटूवर तुम्हीच दोन पानं लिहा, तिला तुमच्याइतकं कोण ओळखतं.

लिहायला बसलो. चौथ्याच वाक्यात हाताने लिहून टाकलं: 'वडिलांच्या अज्ञानामुळे तिची उमेदीची दोन वर्षं वाया गेली.' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा बोललो आहे, की ते लिहायला मला डोकं लागलंच नाही. मी पेन खाली ठेवलं. तो दिवस तसाच गेला. बायको म्हणाली, "जेवता का त्या कागदाकडंच पाहाचं हाय?"

ते वाक्य खोटं आहे. तिच्या वडिलांना सगळं माहीत होतं. अज्ञान दाखवलं गेलं ते मी दाखवलं.

जून महिन्यात आश्रमशाळेत पहिलीची भरती होते. शिक्षक टेबल टाकून बसतात. गावोगावचे बाप मुलांना घेऊन येतात. जन्माचा दाखला कोणाकडेच नसे. मग मुलाला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचा, आणि बोटं डाव्या कानाला लागली की ते सहा वर्षांचं झालं असं समजायचं. रजिस्टरात जन्मतारीख एक जुलै. साल सहाने मागे. आमच्या रजिस्टरावर विश्वास ठेवला, तर त्या अख्ख्या मुलखात लोक फक्त एक जुलैला जन्मतात.

तिला तिचे वडील घेऊन आले. आई दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेली. मी म्हटलं, कान धर. तिने नुसती बोटं लावली नाहीत, अख्खा कान मुठीत धरला आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. वडील हसले. गोंडीत म्हणाले, की ही सहाची नाही, आठची आहे. आमच्या बोडीची पार फुटली त्या साली, रोवणीच्या दिवसांत झाली. बोडी म्हणजे आमच्याकडचा गावतलाव. पार, म्हणजे त्याचा बांध, फुटली की खालची सगळी बांधी, म्हणजे धानाची शेती, वाहून जाते आणि त्या वर्षी घरात धान येत नाही. असलं वर्ष कोणी विसरत नाही. मी धानपट्ट्यातला माणूस, मला तर ते साल बोटावर मोजायची गरज नव्हती. त्याच पावसाने आमच्याकडेही पारी फुटल्या होत्या.

पण आठ वर्षांची मुलगी पहिलीत घातली तर तपासणीला आलेला साहेब विचारतो, आणि तिसरीत घालावी तर तिला अक्षर येत नाही. मी वडिलांना गोंडीत म्हटलं, "काय फरक पडते?" आणि साल दोनने पुढे सरकवून एक जुलै लिहिली. त्यांनी अंगठा दिला. शिक्षक म्हणून मी अशा कितीतरी तारखा लिहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. वाटतं ते पुढच्याबद्दल.

सातवीत असताना ती पळते हे माझ्या लक्षात आलं. मुली खेळाच्या तासाला मैदानाला फेऱ्या मारत. बाकीच्या तिसऱ्या फेरीला कमरेवर हात ठेवून झाडाखाली. ही सातव्या फेरीलाही तशीच, तोंड बंद, नाकाने श्वास. मी चुन्याच्या फक्कीने दोनशे मीटरचा गोल आखला आणि मनगटावरच्या घड्याळावर तिची वेळ घेतली. ती वेळ पाहून माझी झोप उडाली. मग स्पर्धेचा फॉर्म आला. चौदा वर्षांखालील मुली. माझ्यासमोर रजिस्टर होतं आणि माझ्या डोक्यात बोडीची पार. ती त्या वेळी पंधराची होती. मी रजिस्टर उघडं ठेवलं आणि दुसरं जे डोक्यात होतं ते बंद केलं.

जिल्हा, विभाग, राज्य, ती सगळीकडे पहिली. विभागाच्या स्पर्धेत एक काटकुळी मुलगी दुसरी आली होती, खरोखर तेरा-चौदाची. शर्यत संपल्यावर ती गवतात बसून रडत होती आणि तिचे सर तिला सांगत होते, "अगं, तिची उंची बघ, तिच्याशी काय बरोबरी." मी शेजारीच उभा होतो. त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तिच्याबद्दल कोणी माझ्याकडे आठवणी मागितल्या नाहीत.

दोन वर्षांनी, वरच्या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी, वय तपासायला मुलींच्या मनगटांचे एक्स-रे काढले. हाडाला रजिस्टर दाखवून काही उपयोग होत नाही. तिला स्पर्धेतून काढलं, आधीची पदकं परत मागवली, आणि चौकशीसाठी एक अधिकारी शाळेत आले.

तिच्या वडिलांना गावातून बोलावलं. धुतलेला सदरा घालून आले, मुख्याध्यापकांच्या खोलीत बाकाच्या अगदी कडेला बसले. अधिकारी बाहेरचे, गोंडीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. तेव्हाचे मुख्याध्यापक मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला भाषा येते, तुम्हीच विचारा." मुलीला मुलींच्या खोलीत बसवून ठेवलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, मुलगी कधी जन्मली, आणि शाळेत काय सांगितलं होतं. मी तोच प्रश्न गोंडीत विचारला. वडिलांनी पहिल्यासारखंच सांगितलं, पार फुटली ते साल, रोवणी, आणि मी गुरुजींना हे भरतीच्या दिवशीच बोललो होतो. सगळं नीट, एकेक करून. मी अधिकाऱ्यांकडे वळलो आणि म्हणालो, "साहेब, ते म्हणतात त्यांना साल वगैरे काही आठवत नाही. अंदाजाने सांगितलं होतं."

बस. एवढंच वाक्य. माझी नोकरी गेली असती, हे खरं. शाळेचं नाव खराब झालं असतं, हेही खरं. पण ती गणितं मी नंतर मांडली. त्या क्षणी ते वाक्य अगदी सहज निघालं, हे मला अजून पटत नाही आणि अजून समजतही नाही.

आदेश आला. दोन वर्षं बंदी. कारण: 'पालकास पाल्याच्या जन्माबाबत माहिती नसल्याने चुकीची नोंद.' तिने तो कागद स्वतः वाचला. रविवारी वडील भेटायला आले तेव्हा सगळ्या मुलींसमोर तिने गोंडीत विचारलं, "बाबा, तुले आपल्या गाईचं वय मालूम हाय, बैलाचं मालूम हाय. माह्यं काऊन नाई?" मी व्हरांड्यातच होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "नाई आठवत."

ते असं का म्हणाले, याचा विचार मी केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी आत निघून गेलो.

बंदीच्या दोन वर्षांत मी तिच्यासाठी जे केलं त्याचं लोक अजून कौतुक करतात. पहाटे साडेचारला मुरमाच्या रस्त्यावर ती पुढे आणि मी सायकलवर मागे. माझ्या खिशातून बूट. उन्हाळ्याच्या सुटीत तिला माझ्या घरी ठेवलं, बायकोने तिला अंडी खाऊ घातली. 'गुरू असावा तर असा' असं एका बातमीचं शीर्षकच होतं. अपराधी माणूस फार मेहनती असतो, हे लोकांना कळत नाही.

बंदी उठली आणि मग ती खुल्या गटात, वयाची कुठलीही सवलत न घेता पळाली. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. राष्ट्रीय स्पर्धेत ती नऊ फेऱ्या तिसऱ्या जागेवर राहिली, मी बाहेरून ओरडून घसा बसवून घेतला, तिने एकदाही पाहिलं नाही. दहाव्या फेरीला सुटली ती पुन्हा कोणाच्या हाती लागली नाही. सुवर्णपदक. पुढे सलग तीन वर्षं. परदेशातल्या स्पर्धेत एकदा चौथी. मग टाचेचं दुखणं, दोन ऑपरेशनं, आणि आता चंद्रपूरला सरकारी नोकरी करून मैदानावर मुलींना शिकवते. हे सगळं तिचं स्वतःचं आहे, त्याला माझा हात लागलेला नाही.

पण गावी ती पाहुण्यासारखी जायची. सणाला एक पोतं तांदूळ, औषधं, नवं धोतर उतरवायची आणि संध्याकाळच्या जीपने परत. एकाही सत्काराला तिने वडिलांना बोलावलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "त्यायले काय समजते?" वडिलांच्या खुर्चीवर दर वेळी मी बसायचो. शाल, श्रीफळ, फोटो.

तर आता स्मरणिका. मी सगळं खरं लिहिलं, सहा पानं, आणि शाळेत नेऊन दिलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, की छापून आलं की आपोआप तिच्या हाती पडेल आणि मला तोंडाने काही बोलावं लागणार नाही. म्हाताऱ्या माणसाची अशी चलाखी. मुख्याध्यापकांनी पानं वाचली, चष्मा काढला, पुसला.

"गुरुजी, हे कशाले आता? शाळेची बदनामी, तुमची बदनामी. तिचंही जुनं उकरून निघते."

"खरं हाय ते."

"खरं असन. पण स्मरणिकेत खरं कोण छापते? आपण ते हरणाचं टाकू. लोकाइले आवडते."

घरी आलो तर बायकोही तेच म्हणाली, की आता कशाला. ज्याला त्याला 'आता कशाला' एवढंच सुचत होतं. मी वैतागून दुसऱ्या दिवशी सकाळची चंद्रपूरची बस पकडली.

मैदानावर पोहोचलो तेव्हा ती शिट्टी गळ्यात अडकवून उभी होती. मला पाहून पाया पडली, चहा मागवला. मग मी अर्धा तास मैदानाबद्दल बोललो. पाण्याचा निचरा कसा नाही, कडेचं गवत कसं वाढलंय. शेवटी तीच वैतागली.

"गुरुजी, तीन बार झालं 'बोलाचं हाय' म्हणून राह्यले अन् पोरींच्या बुटाच्या लेसा पाहून राह्यले. तब्येत बरी हाय ना?"

मी सांगितलं. भरतीचा दिवस, फॉर्म, चौकशीची खोली, सगळं. मध्येच तिने शिट्टी फुंकून मुलींना आणखी चार फेऱ्या मारायला पाठवलं. माझं संपल्यावर म्हणाली, "बाबानं काय म्हटलं होतं? जसं म्हटलं तसंच सांगा. गोंडीत."

मी गोंडीत सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते, जणू पाठ करत होती.

"म्हणजे त्याले मालूम होतं."

"साल, महिना, सगळं."

"अन् तुमी एवढे साल माह्या मागं स्टॉपवॉच घेऊन हिंडले. सांगाले टाइम नाई भेटला?"

मग तिने शिट्टी फुंकून मुलींना थांबवलं. ती म्हणाली, "उद्या चला गावाले."

"मी सांगितलं ना तुले सगळं."

"मले सांगून काय होते? मी साहेबासमोर बसली होती काय? ज्याच्या तोंडचं बदलवलं त्याले सांगा."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती माझ्यापासून दोन सीट पुढे बसली. गडचिरोलीपर्यंत बस, पुढे जीप, जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. ड्रायव्हर तिला ओळखून सारखा मागे वळून बघत होता आणि ती त्याला समोर बघ म्हणून सांगत होती.

वडील अंगणात बांबूच्या कांबी काढत बसले होते. नजर अधू झाली आहे, पण हात चालतात. आम्हाला पाणी दिलं. मी उभ्यानेच सुरुवात केली, माझ्या मोडक्या गोंडीत. चौकशीच्या दिवशी तुम्ही जे सांगितलं ते मी साहेबांना सांगितलं नाही, असं म्हणालो. पुढचं वाक्य मी रात्रभर जुळवलं होतं. ते काढायच्या आत म्हातारा मराठीत म्हणाला, "मालूम हाय मले."

मला काही कळेना. मी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? मी तिथंच बसून होतो ना. तेवढी मराठी मले येते. बाजारात धान मी काय गोंडीत इकतो?"

त्या दिवशी खोलीत त्यांच्या तोंडावर मी खोटं बोललो, त्यांनी ते शब्दन् शब्द ऐकलं, आणि बाकाच्या कडेला तसेच बसून राहिले. मी इतकी वर्षं जे छातीवर दगडासारखं ठेवून हिंडलो, ते गुपितही नव्हतं. ज्याच्यापासून लपवायचं तोच साक्षीदार. मला लाज वाटायच्या आधी राग आला, हे लिहून ठेवतो. हा माणूस एक शब्द बोलला असता तर मीही मोकळा झालो असतो, असा नालायक राग.

माझ्यापेक्षा जास्त राग तिला आला होता.

"बाबा, तुले मालूम होतं? मी सगळ्यासमोर तुले गाय-बैलाचं बोलली, तरी तू चूप काऊन राह्यला?"

"गुरुजीले काढलं असतं तं तुले कोनं पळवलं असतं? मी?"

"मंग नंतर सांगतलं असतं. मेडल भेटल्यावर. नोकरी लागल्यावर."

म्हाताऱ्याने कांब उजेडात धरून पाहिली. "तू रागात जास्त पळत होती."

ती हसली नाही. "तुमी दोघानं मिळून मले येडी बनवली," म्हणाली, आणि हातातला पाण्याचा तांब्या इतक्या जोरात ठेवला की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. मग म्हाताऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी, तुमी पोरीले शिकवलं. पन ते चांगलं नाई केलं. मी दोन साल तुमच्या शाळेपुढून गेलो नाई. नदीकडच्या लांब रस्त्यानं बाजार करत होतो. तुमचं तोंड पाहालेच मन नाई होत होतं."

मी म्हटलं, "बरोबर हाय." दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही. ती खाली बसली आणि भांडायला लागली. आधी मराठीत, मग गोंडीत. ती म्हणे, मला सांग, पार कोणत्या दिवशी फुटली, मी आधी झाले की नंतर. आई कुठे होती. तो म्हणे, दुपारपर्यंत बांधीत होती, ऐकतच नव्हती कोणाचं, तुझ्यासारखीच. नाळ कोणी कापली. ती बाई अजून जिवंत आहे का. नाही? मग आधी का नाही सांगितलं, मी भेटले असते. एवढं मला समजलं. पुढे दोघंही इतक्या भरभर बोलायला लागले, की माझी गोंडी तिथे पोहोचेना. दोघंही चिडलेले, दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. मध्येच तिने सूप ओढून तांदूळ निवडायला घेतले आणि भांडण चालूच ठेवलं.

संध्याकाळच्या जीपचा हॉर्न वाजला. मी उठलो, निघतो म्हणालो. म्हाताऱ्याने हात जोडले. तिने मान वर न करता विचारलं, "गुरुजी, समोरची सीट भेटन ना तुमाले?" मी हो म्हटलं आणि थोडा वेळ तिच्यासाठी थांबलो.

"जा तुमी," ती म्हणाली. "मी राह्यतो."